सरी म्हणजे ऐकलं

शकुंतला राव निवृत्त झाल्या त्या दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी त्यांच्यावर आठ-दहा मिनिटं भाषण केलं. भाषण चांगलं झालं. टाळ्या पडल्या, एक-दोघींनी डोळेही पुसले. त्या भाषणात 'आदर' हा शब्द मी पाच वेळा वापरला होता. आज सांगून टाकतो, त्या पाचही ठिकाणी 'मत्सर' असं वाचावं.

हो, मला या बाईचा मत्सर वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत. सकाळी दाराजवळच्या खुंटीला त्यांची करडी छत्री लटकलेली दिसली की माझ्या पोटात दुखायला लागायचं. मी पुण्याचा चार्टर्ड अकाउंटंट. सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला, आईनं त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलेलं. बाई बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या. बी.कॉम. होऊन आमच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि नोकरी करता करता, चाळिशीला टेकल्यावर, कंपनी सेक्रेटरीची परीक्षा पास झाल्या. म्हणजे कंपनीचे कायदेशीर कागद सांभाळायचे, बैठका बोलवायच्या, त्यांची इतिवृत्तं लिहायची. माझ्या मते कारकुनीच, जरा वरच्या दर्जाची. आणि तरीही ऑडिट कमिटीच्या बैठकीत मी तासभर घसा कोरडा करून हिशेब मांडले की कमिटीच्या अध्यक्षबाई चष्मा काढून टेबलाच्या पार टोकाला बघायच्या आणि विचारायच्या, "रावबाई, तुम्हाला काय वाटतं?"

वर्षानुवर्षं हेच. मला काय वाटतं हे एकदाही कुणी विचारलं नाही. आयुष्यात मला एकच गोष्ट हवी होती असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण त्या खोलीत तरी मला एकच गोष्ट हवी होती. अध्यक्षबाईंनी एकदा माझ्याकडे वळून बघावं.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. इमारतींच्या तळातल्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारे. शेअर बाजारात नोंदलेली, त्यामुळे दर तिमाहीला निकाल आणि दर वर्षाला अहवाल छापणं आलं. कारखाना आणि ऑफिस तुमकूर रस्त्यावर. मी एचएसआर लेआउटला राहायचो, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला, आणि रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून स्वतःला समजावायचो की पुण्यातही हेच झालं असतं.

बाईंच्या घरातली भाषा मराठी. त्यांचे पूर्वज किती पिढ्यांपूर्वी इकडे आले हे त्यांनाही सांगता यायचं नाही. मराठी टिकली होती, पण इथल्या पाण्यात चांगली मुरलेली. 'थोडं'ला त्या 'स्वल्प' म्हणायच्या, पुरुषमात्राला 'अण्णा', आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एक 'की' लावायच्या. मला त्या 'पुणे अण्णा' म्हणत, वयानं मी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असूनही. पहिल्याच आठवड्यात मी जरा नाक मुरडून म्हटलं की तुमची मराठी ऐकायला गोड आहे, पण निम्मी कन्नड आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बोटं दुमडत माझ्या शेवटच्या दोन वाक्यांतले इंग्रजी शब्द मोजून दाखवले. सात होते. डब्यातलं एक कोडबळं माझ्यापुढे करत म्हणाल्या, "घ्या की. याला तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, कडबोळं. "सरी," त्या म्हणाल्या, आणि आमचं भांडण तिथंच मिटलं. म्हणजे त्यांच्या बाजूनं मिटलं.

या बाईंचा एक शब्द होता, 'हौदा?' मी नवीन, तिमाहीचे निकाल शेअर बाजाराला कळवायचे होते. मी ऐटीत कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की विक्री गेल्या तिमाहीपेक्षा भरपूर वाढली आहे. बाईंनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हौदा?"

मला वाटलं बाई हौदाबद्दल विचारताहेत. आमच्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये खरंच एक मोठा हौद आहे, तयार पंप त्यात बुडवून चालवून बघतात. मी उत्साहानं सगळी माहिती दिली. हौद किती खोल, पाणी किती दिवसांनी बदलतात, गेल्या वर्षी नवीन फरशी बसवली. बाई कोडबळं चावत सगळं ऐकत होत्या. मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, चला, बघू या की तुमचा हौद.

आम्ही गेलो. हौद जागेवर होता. हौदाच्या मागे निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पंपांच्या रांगाच्या रांगा लावलेल्या होत्या, प्रत्येकावर पाठवणीची चिठ्ठी. बाईंनी एक चिठ्ठी मोठ्यानं वाचली. तारीख मागच्या आठवड्याची होती, तिमाही संपण्याच्या आदल्या दिवसाची. माझ्या कागदावर हे पंप विकले जाऊन गिऱ्हाइकाकडे पोचलेले होते. इथं ते आमच्याच छपराखाली उभे होते आणि स्टोअरवाला सांगत होता की गाडी पुढच्या आठवड्यात येणार आहे.

निकाल दुरुस्त झाले. बाईंचं नाव झालं. एमडींनी, म्हणजे आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरांनी, मला केबिनमध्ये बोलावून एवढंच विचारलं की त्यांना तिकडं न्यायची अवदसा तुला कुठून आठवली. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर मधुरा हसता हसता सोफ्यावर कलंडली. शेजारच्या बायकांकडून ती महिनाभरातच कामापुरतं कन्नड शिकली होती. 'हौदा' म्हणजे 'असं का? खरंच?' बाईंनी फक्त 'खरंच का' असं विचारलं होतं. माझ्या सबंध शिक्षणात मला स्वतःला हा प्रश्न पडला नव्हता, आणि ज्यांना पडला त्यांना मीच हाताला धरून उत्तरापाशी नेऊन सोडलं होतं. मला ते आजही लागतं.

त्यानंतर काही काळानं कंपन्यांचा कायदा बदलला. शेअर बाजाराच्या नियामकानंही नियम कडक केले. त्याआधी आमची ऑडिट कमिटी म्हणजे जुन्या मालकांचे तीन मित्र. बैठक कॉफी येईपर्यंत सुरू व्हायची आणि कॉफी निवेपर्यंत संपायची. आता बाहेरची, कंपनीशी लागेबांधे नसलेली माणसं घेणं भाग पडलं. निवृत्त प्राध्यापिका असलेल्या अध्यक्षबाई तेव्हा आल्या. लेखापरीक्षकांना त्या आम्हाला खोलीबाहेर काढून भेटायच्या. एमडी आणि वित्तप्रमुख यांना हिशेब खरे असल्याचं सहीनिशी लिहून द्यावं लागू लागलं.

मी खूश झालो होतो. मला वाटलं, आता आपले दिवस आले. कोडबळी खात कारखान्यात हिंडणाऱ्या बायकांचा जमाना संपला, आता शिस्त आली, पद्धत आली, तक्ते आले. मी सुट्टीचे दिवस खर्ची घालून एक जाडजूड नियमावली तयार केली. प्रत्येक निर्णयाला एक फॉर्म, प्रत्येक फॉर्ममध्ये चौकोन, प्रत्येक चौकोनात खूण. 'कंपनी सेक्रेटरींचे मत' असाही एक चौकोन होता. त्यात दोनच पर्याय, सहमत किंवा असहमत. वार्षिक अहवाल तीन वर्षांत तिप्पट जाड झाला. त्या वर्षीची पहिली प्रत आली तेव्हा बाईंनी ती हातात तोलून बघितली. "वजन वाढलं हो अण्णा," त्या म्हणाल्या. "आता काय खाल्लंय ते बघू."

आणि त्या वाचायला बसल्या. बाईंचं वाचन ही एक चीज होती. टायपिस्ट असताना छापखान्यातून मुद्रितं यायची, तेव्हा एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ प्रत तपासायची अशी पद्धत होती. संगणक आले, पद्धत गेली, बाईंनी सोडली नाही. समोर ऐकायला कुणी असो नसो, अख्खा अहवाल त्या मोठ्यानं वाचायच्या, टिपांसकट. एक पेन्सिल कानावर, एक हातात. आणि नियम एकच. जे वाक्य एका श्वासात वाचून होत नाही त्याच्या समासात फुली. त्यांचं म्हणणं असं की माणसाला जे सांगायचं असतं ते तो एका श्वासात सांगतो. सांगायचं नसतं तेव्हा त्याला मध्ये दम घ्यावा लागतो.

मी म्हणायचो हे काय शास्त्र झालं का. पण एकदा गुपचूप त्यांच्या फुल्या मोजल्या आणि प्रत्येक फुलीच्या मागे जाऊन बघितलं. तीनांतली एक तर माझ्या पाल्हाळाची असायची, ते मान्य. पण उरलेल्या दोन ठिकाणी काहीतरी निघायचंच. एखादा खटला, एखादी एमडींच्या मेहुण्याची कंपनी, एखादी तपासणी जी झालीच नव्हती. बाई मग त्या फुल्यांचा एक छोटा कागद अध्यक्षबाईंना द्यायच्या. बाहेरच्या माणसांना कायद्यानं आमच्या टेबलापाशी आणून बसवलं होतं खरं, पण बाहेरच्या माणसाला नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कसं कळणार? ते बोट बाईंचं होतं. माझी नियमावली शेल्फवर होती आणि अध्यक्षबाईंच्या हातात तो चिटोरा असायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इतका वेळ मी तिच्याभोवती घिरट्या घालतोय हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आमच्या एका पंपाचं सील खराब निघालं. सील म्हणजे पाणी मोटरीत शिरू नये म्हणून बसवलेली रबरी चकती. वर्षभरात गळायला लागायची. तक्रारी येत होत्या. त्या अहवालात लिहायच्या की नाही, आणि पंप बदलून द्यायची जबाबदारी हिशेबात दाखवायची की नाही, हा प्रश्न होता. एमडींना ते नको होतं. त्याच सुमारास जुने वित्तप्रमुख जाणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी माझं नाव चालू होतं. एमडी मला काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती.

मी चार पानांचं टिपण तयार केलं. तक्रारी किरकोळ आहेत, वेगळी नोंद करण्याइतक्या नाहीत. आमच्याच इमारतीत तोच पंप बसवलेला होता, कंपनीच्या सवलतीत मीच मिळवून दिलेला. आठवड्यातून दोनदा तो बंद पडायचा, गच्चीवरची टाकी रिकामी व्हायची आणि मधुरा बादल्या भरून ठेवताना मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, किती छान कंपनी आहे हो तुमची. हे मला माहीत होतं आणि तरी मी 'किरकोळ' असं लिहिलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी बाईंच्या टेबलापाशी गेलो. त्या प्रती लावत होत्या, मान खाली. मी म्हटलं, तक्रारी किरकोळ आहेत, अहवालात लिहायची गरज नाही असं माझं मत आहे. बाई म्हणाल्या, "सरी, सरी." आणि पुढची प्रत उचलली.

मी जागेवर आलो आणि 'कंपनी सेक्रेटरींचे मत' या चौकोनात 'सहमत'वर खूण केली.

आता बघा. कन्नडमध्ये 'सरी'चा अर्थ 'बरोबर, ठीक' असा होतो. नुकत्याच आलेल्या माणसाला तेवढाच माहीत असतो. पण इथं काही वर्षं राहिलेल्या कुणालाही विचारा. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो सरी म्हणतो आणि मग नाही येत म्हणतो. भाजीवाली तुमची तक्रार ऐकते, सरी म्हणते आणि तीच वांगी पिशवीत घालते. सरी म्हणजे कधी हो, आणि कधी नुसतं 'ऐकलं, पुढे बोला'. बाईंचं सरी हे नेहमी दुसरं असायचं. पटलं तर त्या 'होय' म्हणायच्या, स्वच्छ मराठीत. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून हे मला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणेल तर तो माझा अपमान होईल. मला ठाऊक होतं. हौदाच्या वेळी मी खरंच चुकलो होतो. या वेळी मी चुकल्याचं सोंग घेतलं.

दुपारी बैठक झाली. टिपण अध्यक्षबाईंपुढे आलं. माझ्या चार पानांवरून त्यांनी नजरही फिरवली नाही. सरळ शेवटच्या पानावर गेल्या, चौकोन बघितला आणि म्हणाल्या, रावबाई सहमत आहेत, मग प्रश्नच नाही. तुम्हाला कल्पना आहे का, त्या क्षणीसुद्धा माझा जळफळाटच झाला. मी जिंकत होतो आणि तेही त्यांच्याच नावावर.

"स्वल्प थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो कागद मागून घेतला. चौकोनावर बोट ठेवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ नाही, पण मला पुरेसा. राग नव्हता त्यात. टायपिंगमध्ये चूक सापडल्यावर त्या जसं बघायच्या तसंच बघत होत्या. एमडी आपल्या पेनाकडे बघत होते. बाईंच्या तोंडून आता 'मी असं म्हटलं नव्हतं' एवढं निघालं की माझी खुर्ची तर जाणारच होती, कदाचित नोकरीही. अशा खोट्या खुणेसाठी काय करायचं याचं कलम माझ्याच नियमावलीत होतं.

बाई अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "मी सकाळी यांना 'सरी' म्हटलं होतं. सरी म्हणजे ऐकलं. अण्णा पुण्याचे आहेत, त्यांना ते होकारासारखं वाटलं असणार. मराठीत सांगायला हवं होतं, चूक माझी." मग त्यांनी इतिवृत्ताची वही ओढली आणि स्वतःची असहमती स्वतःच्या हातानं लिहिली.

त्यांनी तक्रारींची फाइल मागवली आणि वरचंच पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. एका हाउसिंग सोसायटीचं होतं. आठवड्यात दोनदा पाणी नाही, म्हाताऱ्या माणसांना जिन्यावरून बादल्या न्याव्या लागतात, कंपनीचा माणूस येतो आणि फक्त पुसून जातो. पत्र चांगलं लिहिलेलं होतं, वाक्यं छोटी. मी बाईंच्या शेजारीच बसलो होतो. अक्षर ओळखीचं होतं. सोसायटीच्या सचिव म्हणून खाली मधुराची सही होती, माझ्या आडनावासकट. घरात मला टोमणे मारून काही होत नाही म्हटल्यावर तिनं कंपनीला रीतसर पत्र लिहिलं होतं.

बाईंनी सगळं पत्र वाचलं, तारखेसकट. सहीपाशी आल्या आणि थांबल्या. अहवालातली एकही टीप न गाळणाऱ्या बाईंनी ते नाव वाचलं नाही. अंगठा त्या सहीवर ठेवून पत्र अध्यक्षबाईंना दाखवलं आणि फाइल मिटली.

त्या वर्षीच्या अहवालात एक ओळ आली की या पंपाचं सील गळतं, आम्ही ते बदलून देत आहोत. गिऱ्हाइकं पळाली नाहीत. उलट पंप बदलून मिळाले म्हणून लोकांनी धन्यवादाची पत्रं पाठवली. आमच्या गच्चीवर पाणी चढू लागलं. दोन महिन्यांनी मी वित्तप्रमुख झालो. अध्यक्षबाईंनी माझ्या बाजूनं मत देताना म्हटलं की यांनी चूक दाखवल्यावर ती मोकळेपणानं स्वीकारली. मला ते ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी एकदा जिन्यात गाठून बाईंना विचारलं, का वाचवलंत मला? बाई छत्री काखेत घेऊन उभ्या होत्या. "वाचवलं कुठं?" त्या म्हणाल्या. "सरी म्हणजे ऐकलं, एवढंच सांगितलं की. तुम्हाला काय ऐकू आलं होतं ते तुम्हाला ठाऊक." आणि खाली उतरून गेल्या.

मला वाटलं होतं, इथं तरी माझा मत्सर संपेल. उपकारानं माणूस मऊ होतो म्हणतात. मी नाही झालो. आधी मला त्यांच्या डोक्याचा हेवा वाटायचा, आता त्यांच्या अंगठ्याचाही वाटू लागला. इतकं सहज, जाता जाता मोठं होणं मला जन्मात जमलं नसतं.

त्याचा सूडही मी घेतला. बाईंची निवृत्ती जवळ आली. अध्यक्षबाईंना त्यांना दोन वर्षं मुदतवाढ द्यायची होती. एमडींनी मला लिफ्टमध्ये विचारलं, आता एखादा तरुण, नव्या पद्धतीचा माणूस घेऊ या ना? वित्तप्रमुख म्हणून माझा शब्द चालला असता. मी 'नाही' म्हणू शकलो असतो.

मी म्हटलं, "सरी."

आणि केबिनमध्ये येऊन स्वतःला समजावलं की सरी म्हणजे नुसतं ऐकलं, आपण कुठं होकार दिला. मुदतवाढ मिळाली नाही. मग ते कॅन्टीनमधलं भाषण झालं. भाषणानंतर बाईंनी माझ्या हातात कोडबळ्यांचा डबा ठेवला आणि डबा परत करायचं लक्षात ठेवा म्हणाल्या. तो अजून आमच्याकडे आहे.

नवा सेक्रेटरी हुशार होता. अहवाल संगणकावर तपासायचा, मनात वाचायचा. खुंटीवर छत्री नसे आणि मला बरं वाटायला हवं होतं. पहिले काही महिने वाटलंही. मग नव्या पंपाचं सील गळायला लागलं. दुसरं मॉडेल, तोच पुरवठादार, तीच गळती. मी अहवालात त्यावर एक लांबलचक वाक्य लिहिलं. कुणी फुली मारली नाही. नियमावलीतले सगळे चौकोन भरले, सगळीकडे 'सहमत', आणि अध्यक्षबाईंपर्यंत ते वाक्य धुऊन, इस्त्री करून पोचलं. त्यांनी टेबलाच्या टोकाला बघितलं, तिथं नवा माणूस होता, आणि त्या काही न विचारता पुढच्या पानावर गेल्या. माझ्याकडे तेव्हाही वळल्या नाहीत.

त्या वर्षीची भागधारकांची वार्षिक सभा मल्लेश्वरममध्येच एका सभागृहात होती. मी मंचावर होतो, एमडींच्या शेजारी. तिसऱ्या रांगेत करडी छत्री दिसली. बाईंकडे कंपनीचे मूठभर शेअर होते, नोकरीला लागल्या तेव्हा घेतलेले. सभेला येण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. मांडीवर अहवाल, कानावर पेन्सिल. ओठ हलत होते. मी ते ओठ बघत होतो आणि त्या कितव्या पानावर आहेत ते मला इतक्या लांबून कळत होतं. एका जागी ओठ थांबले. बाईंनी श्वास घेतला. पेन्सिल मात्र कानावरच राहिली.

सभेच्या अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? बाईंनी हात वर केला. माइक त्यांच्यापर्यंत गेला. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रश्न नाही. ती पंपांच्या तक्रारींची टीप आहे ना, ती स्वल्प मोठ्यानं वाचा की. आम्हा म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही."

एमडींनी माझ्याकडे माइक सरकवला. इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत साधारण असं होतं: काही विशिष्ट उत्पादनांच्या संदर्भात, विशिष्ट वापर-परिस्थितीत, प्राप्त झालेल्या ग्राहक-अभिप्रायांच्या अनुषंगाने, व्यवस्थापनाच्या मूल्यांकनानुसार आणि उपलब्ध माहितीच्या मर्यादेत राहून... आणि इथं माझा दम संपला. भर सभेत, माइकवर, मी थांबून श्वास घेतला. तो आवाज सगळ्या सभागृहात घुमला. अजून निम्मं वाक्य बाकी होतं. ते मी वाचलं, पण काय वाचलं ते मला आठवत नाही.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "सरी," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

सभा संपल्यावर मी मंचावरून खाली उतरेपर्यंत त्या निघाल्या होत्या. दारातून मला पाठ दिसली, काखेत छत्री, एका हातात अहवाल आणि दुसऱ्या हातात खाण्याचं पाकीट. पुढे कळलं की त्या मल्लेश्वरमचं घर बंद करून धारवाडला बहिणीकडे गेल्या. मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं.

दोन दिवसांनी नव्या सेक्रेटरीनं सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा माझ्याकडे पाठवला. त्यात लिहिलं होतं की भागधारक श्रीमती राव यांनी टीप वाचून दाखवण्याची विनंती केली आणि ती ऐकून समाधान व्यक्त केलं. मी पुन्हा पुन्हा ते वाचलं. त्यानं काही वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं, तो दिल्लीचा होता. मी पेन्सिल घेतली, 'समाधान व्यक्त केलं' हे खोडलं आणि वर लिहिलं, 'ऐकलं'.

मसुदा अध्यक्षबाईंकडे गेला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. त्यांनी विचारलं, ऐकलं म्हणजे काय ऐकलं?

"पंप गळतात," मी म्हटलं. "याही वर्षी."

माझ्या मनात आलं, आता तरी त्या विचारतील, तुम्हाला काय वाटतं. इतक्या वर्षांनी मी एकट्यानं, कुणी न सांगता, एक खरं वाक्य बोललो होतो.

"हे मला सांगा असं तुम्हाला रावबाईंनी सांगितलं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी फक्त मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं."